पहिल्या ओळीवरचा हात

फळा मीच आणला होता आणि त्याचा नियमही मीच केला होता, त्यामुळे पुढे जे झालं त्याबद्दल तक्रार करायला मला तोंड नव्हतं. तरी मी तक्रार केलीच, आणि भरपूर केली.

शहापूरहून मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्याला आमच्या मंडळीचं प्रार्थनाघर आहे. मंडळी म्हणजे रविवारी उपासनेला जमणारी तीस-चाळीस माणसं, आणि प्रार्थनाघर म्हणजे विटांच्या चार भिंती, वर पत्रे, खाली सतरंज्या. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते. शाळेत पांढरे फळे आले तेव्हा एक जुना काळा फळा अडगळीत गेला. तो मी मुख्याध्यापकांकडून मागून आणला. आमच्या ह्यांची सगळी नोकरी भातसानगरला, धरणावर, पाण्याची पातळी बघण्यात गेलेली. फळा भिंतीवर लावताना त्यांनी तो तीनदा उतरवला, कारण डावी बाजू सूतभर खाली दिसत होती. बाकी कुणाला ती दिसत नव्हती.

त्या फळ्यावर प्रार्थनेचे विषय लिहायचे असं ठरलं. कुणाचा ताप, कुणाची हरवलेली म्हैस, कुणाच्या लेकीची परीक्षा. माझं अक्षर मोठं आणि सुटं, त्यामुळे बारा ओळी मावायच्या. दर रविवारी त्या मोठ्यानं वाचायच्या आणि सगळ्यांनी मिळून प्रार्थना करायची. ज्याचं संकट टळलं त्यानं पुढे येऊन आपल्या हातानं आपली ओळ पुसायची आणि साक्ष द्यायची, म्हणजे देवानं काय केलं ते चार वाक्यांत सांगायचं. दुसऱ्याच्या ओळीला कुणी हात लावायचा नाही. चार वाक्यांची अटसुद्धा माझीच होती, कारण काही लोक साक्ष द्यायला उभे राहिले की स्वतःच्या जन्मापासून सुरुवात करतात.

फळा छान चालला. सकाळची एसटी पुन्हा सुरू व्हावी ही ओळ पावणेदोन वर्षं होती. एसटी आली तेव्हा ती पुसायला सहा जण एकदम धावले आणि फळा एका बाजूला कलला. आमच्या ह्यांनी दुसऱ्या दिवशी जाऊन तो पुन्हा सरळ केला.

मग माझी बोटं गेली. गेली म्हणजे जागेवरच होती, पण सकाळी उठल्यावर वळेनात. आधी वाटलं, थंडी. शहापूरच्या डॉक्टरांनी कल्याणला पाठवलं आणि कल्याणच्यांनी सांगितलं की हा संधिवात आहे, गोळ्यांनी दुखणं आवरेल, पण वाकडं झालेलं सरळ होईल याची हमी नाही. मी तीस वर्षं मुलांना अक्षर शिकवलं. 'बाईंच्या हातचं अक्षर' असं लोक पालकसभेत बोलायचे आणि मी ऐकू न आल्यासारखं करायची. त्या माझ्या हातातून वर्गात, मुलांसमोर खडू पडला. पहिल्यांदा मुलं हसली, दुसऱ्यांदा हसली नाहीत, आणि ते मला जास्त लागलं. त्या वर्षअखेरीला मी नोकरी सोडली.

खडू चिमटीत धरता येत होता तोवर मी शेवटचं जे लिहिलं ते माझं स्वतःचं नाव. फळ्यावर, सगळ्यांत वर, पहिल्या ओळीत. खरं तर नवं नाव खाली लिहायची पद्धत होती, पण मी वरची ओळ मोकळी बघून तिथं लिहिलं, आणि अक्षर असं काढलं की बघत राहावं. मनात शपथ घेतली, आता खडू हातात घेईन तो ही ओळ पुसेन त्याच दिवशी. माझं सगळं त्या एका ओळीवर आलं होतं. ती पुसता आली तर देवानं माझं ऐकलं, नाही तर नाही, असा सरळ हिशेब मी मांडून ठेवला होता.

चार वर्षं ती ओळ तिथंच राहिली. माझ्यानंतर पाळकांच्या, म्हणजे आमच्या धर्मगुरूंच्या, बायकोनं फळा सांभाळला. बाई फार गोड, पण तिच्या ओळी डोंगर चढायला निघाल्यासारख्या वर जातात. नाताळात आणि ईस्टरला ती माझं फिकट झालेलं नाव प्रेमानं गिरवायची. गिरवून गिरवून ते नाव माझ्याहून जाड झालं. दर रविवारी कुणी तरी पुढे यायचं, आपली ओळ पुसायचं, सगळे म्हणायचे 'प्रभूची स्तुती असो!' आणि ढोलकी वाजायची. मीही म्हणायची. पण कुणाचा मलेरिया आठ दिवसांत फळ्यावरून उतरला की माझ्या पोटात दुखायचं, हे कबूल करते. देवाला माझ्या बोटांसाठी वेळ नाही आणि म्हशी शोधायला आहे, असं मी एकदा ह्यांना म्हणाले. हे म्हणाले, "म्हैस दूध देते." मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

माझ्या खालच्या ओळीवर मावशीचं नाव होतं. मावशी म्हणजे जवळच्या पाड्यावरची एक विधवा बाई, वय माझ्याएवढंच, पण सगळे तिला मावशी म्हणायचे म्हणून मीही म्हणायची. दिवाळीनंतर पाड्यावरची माणसं भिवंडीकडे वीटभट्टीवर कामाला जातात, तशी तीही जायची. तिथं विटा वाहताना पडली, पायाचं हाड मोडलं आणि ते वाकडंच जुळलं. माझं नाव लागलं त्याच महिन्यात तिचंही लागलं. मावशीला वाचता येत नाही. काठी टेकत ती दीड-दोन किलोमीटर चालत येते, पाठ टेकायला मिळते म्हणून फळ्याखालीच बसते. उपासना संपली की उठते, फळ्यावर तळहात ठेवते, डोळे मिटून काही पुटपुटते आणि तोच हात छातीला लावून घरी जाते. तो हात नेहमी पहिल्या ओळीवर, म्हणजे माझ्या नावावर, असायचा. मला ते दिसायचं. मनातून बरं वाटायचं आणि थोडं अवघडल्यासारखंही व्हायचं. शाळेतल्या बाईंना एवढा मान असतोच, असं मी स्वतःला समजावलं होतं.

आमचे पाळक नगरकडचे, तरुण, फार मनापासून बोलणारे. एका रविवारी त्यांनी काट्यावर उपदेश केला. येशूचा संदेश पोचवणारा एक मोठा प्रेषित होता, पण त्याच्या अंगात एक काटा होता, म्हणजे कसलं तरी दुखणं. तो काढ म्हणून त्यानं देवाला तीनदा विनवलं. देवानं काटा काढला नाही. माझी कृपा तुला पुरेल, एवढंच सांगितलं. पाळक इथं थांबले, कारण सगळ्यांनी गप्प होऊन विचार करावा अशी त्यांची अपेक्षा होती.

"कसला काटा?" मावशीनं खालून विचारलं. "बाभळीचा का करवंदीचा?"

पाळक म्हणाले, तो तसा काटा नव्हे, ही बोलण्याची पद्धत आहे. पण तोवर उशीर झाला होता. आमच्याकडे अनवाणी चालणारी माणसं. काट्याचा विषय निघाला की एकाचंही तोंड बंद राहत नाही. कुणी म्हणालं रुईचा चीक लावायचा, कुणी म्हणालं गूळ तापवून बांधायचा. एक म्हातारे म्हणाले, बाभळीचा काटा मोडून आत राहिला तर सुई घालू नये, तो आपसूक वर येतो. पाळक खिशातला रुमाल काढून घाम पुसायला लागले. मी मात्र पहिल्यांदाच उपदेशात रमून बसले होते.

शेवटी मावशीनंच सगळ्यांना गप्प केलं. "काटा निघाला नाय, बरं. मंग तो मानूस बसून राहिला काय?"

"नाही," पाळक म्हणाले. "खूप फिरला. समुद्रापार गेला. गावोगावी गेला."

"काटा घेऊन?"

"काटा घेऊन."

"मंग झालं तर," मावशी म्हणाली आणि पाठ टेकून बसली.

मला तेव्हा त्यात विशेष काही वाटलं नाही. मी घरी जाऊन ह्यांना रुईच्या चिकाची गंमत सांगितली.

यंदाच्या जानेवारीत मुरबाडजवळ म्हसा गावची बैलांची जत्रा भरली आणि ह्यांना घोंगडी घ्यायची हुक्की आली. घरात तीन घोंगड्या आहेत, पण जत्रेतून घेतलेली वेगळी असते म्हणे. त्या दिवशी रविवार होता. थंडीनं बोटं आखडलीच होती, उपासनेत बसून दुसऱ्यांच्या साक्षी ऐकायचा मला कंटाळा आला होता, म्हणून मीही स्कूटरवर मागे बसले. दिवसभर बैल बघितले, पाळण्याखाली उभं राहून शेव खाल्ली, घोंगडी घेतली. मला फार मजा आली, आणि उपासना चुकवल्याचं वाईटही वाटलं नाही.

सोमवारी सकाळी ह्यांनी माझा फोन बघितला. स्क्रीनवर बोट फिरवणं मला जमत नाही, म्हणून माझे निरोप तेच वाचतात. मंडळीच्या ग्रुपवर चाळीसेक निरोप होते. हात जोडलेले, फुलं, मेणबत्त्या. 'बाई बऱ्या झाल्या, प्रभूची स्तुती असो.' 'बाईंची साक्ष ऐकायला आतुर.' एकानं फळ्याचा फोटो टाकला होता. त्यात पहिली ओळ कोरी होती.

हे चष्मा काढून माझ्या हातांकडे बघायला लागले. "एकदा वळवून तरी बघ," ते म्हणाले.

मी बघितलं. खरंच बघितलं, हसू नका. बोटं होती तशीच होती, उलट बैलबाजारातल्या गारठ्यानं जास्तच आखडली होती. ह्यांनी माझ्या स्वेटरची बटणं लावली, रोज लावतात तशी, पण त्या दिवशी शेवटच्या बटणाला त्यांना जरा वेळ लागला. चार वर्षांत त्यांनी एकदाही तोंडानं म्हटलं नव्हतं की त्यांना आशा आहे. मला तेव्हा कळलं की होती.

दहा वाजता एक बाई जत्रेतली मिठाई घेऊन आली. साडेदहाला पाळकांचा फोन आला. बिचारे इतके शरमले होते की आधी पाच मिनिटं थंडीबद्दलच बोलले. झालं होतं ते असं. पाड्यावरची एक पोटुशी सून उपासनेला आली होती. आधीची दोन मुलं पोटातच गेलेली. तिचं नाव फळ्यावर लिहायला सांगितलं, तर बाराही ओळी भरलेल्या. पाळकांची बायको म्हणाली, पुढच्या आठवड्यात जागा झाली की लिहू. त्यावर मावशी उठली. माझी ओळ घ्या, म्हणाली. पाळक म्हणाले, पण मावशी, तुमचा पाय? ती म्हणाली, पाय हाय तसाच हाय. आणि कुणी काही बोलायच्या आत तिनं पदरानं ओळ पुसली. आपली समजून पहिली, म्हणजे माझी. मागे बसलेल्यांना नीट दिसलं नाही. ओळ पुसली की म्हणायचं ते ते म्हणाले, ढोलकी वाजली, आणि नंतर कोरी जागा बघून कुणी तरी तर्क लढवला. पाळकांच्या बायकोला चूक कळली होती, म्हणून मला विचारल्याशिवाय तिनं त्या जागी कुणाचं नाव लिहिलं नाही.

मी फोन ठेवला आणि मला असा राग आला की सांगता येत नाही. चार वर्षं जपलेली ओळ. ती मी पुसणार होते. बुधवारी ह्यांना स्कूटर काढायला लावली आणि पाड्यावर गेले.

मावशी अंगणात उन्हाला बसून वालाच्या शेंगा सोलत होती. भात निघाल्यावर शेतात वाल करतात, त्याचा हंगाम होता. मला बघून तिनं पोतं सरकवलं आणि मी बसते न बसते तोच शेंगांचं सूप माझ्या मांडीवर ठेवलं.

"मला सोलता येत नाहीत," मी जरा तोऱ्यातच म्हणाले.

"दातानं फोडा," ती म्हणाली.

मी फोडल्या. रागात माणूस काय काय करतं. दहा-बारा शेंगा फोडून झाल्यावर मी तिला सांगितलं की तू पुसलीस ती ओळ तुझी नव्हती, माझी होती. तुझी खालची. तिचे हात थांबले.

"वरची माझी नाय?"

"नाही."

"मला तर नाव लिवलं त्या दिशी बोट करून दावली होती. वरची म्हनून."

"कुणी तरी लांबून दाखवली असेल. तुझी दुसरी."

मग तिला हसू फुटलं. पदर तोंडाला लावून ती हलत हलत हसली. "म्हंजे चार वर्सं मी हात ठेवत होते तो तुमच्यावर? दर रायवारी म्हनायची, देवा, या ओळीवालीला चालव, हिला बसवू नको. ते सगलं तुमालाच गेलं?"

मलाही हसू आलं. राग धरून ठेवायचा मी खूप प्रयत्न केला, पण तोंडात वालाची शेंग असताना ते जमत नाही.

मग ती हसायची थांबली आणि डोळे पुसत सहज म्हणाली, "मंग माझ्यावर कोन ठेवत होतं गो?"

तिनं ते टोमणा म्हणून विचारलं नव्हतं. तिला खरंच कुतूहल होतं. मी तोंडातली शेंग काढून सुपात ठेवली. तिला वाचता येत नव्हतं, मला येत होतं. तिचं नाव माझ्या नावाखाली बोटभर अंतरावर होतं. चार वर्षं दर रविवारी मी त्या फळ्याकडे टक लावून बघितलं, आणि माझ्या ओळीच्या खाली माझी नजर एकदाही उतरली नाही. सगळ्यांबरोबर आमेन म्हटलं असेल, तेवढंच. मला लाज वाटली. अशी लाज मला शाळेत खडू पडला तेव्हाही वाटली नव्हती.

मी तिला विचारलं, पाय बरा नसताना ओळ का पुसलीस. ती पुन्हा शेंगांकडे वळली. "तो काट्यावाला मानूस नाय का. काटा घेऊन गावं फिरला. मी बी येतेच की रायवारी चालत. पाय दुखतो, पन येते. त्या पोरीला जागा पायजे होती. माजं दुखनं फल्यावर ठेवून मी काय त्याचं लोनचं घालनार?" मग ती म्हणाली, "तुमचं परत लिवायला सांगा. माजी चूक झाली."

"बघू," मी म्हणाले. निघताना तिनं सोललेले वाल माझ्या पिशवीत ओतले. त्यातले माझ्या दातांनी फोडलेले कुठले आणि तिचे कुठले हे ओळखू येत होतं.

रविवारी प्रार्थनाघर भरलेलं होतं. बाईंची साक्ष म्हणून जत्रेहून परतलेले, कधी न येणारे, सगळे आले होते. पाळकांनी खुलासा करू का म्हणून खुणेनं विचारलं. मी नको म्हटलं आणि उभी राहिले.

"माझी बोटं बरी झालेली नाहीत," मी म्हणाले.

"आमेन!" मागून एक म्हातारे सवयीनं ओरडले. हे तेच, सुई घालू नये म्हणणारे. सगळं प्रार्थनाघर हसलं. मीही हसले आणि उरलेली तीन वाक्यं पूर्ण केली. बोटं बरी होतील की नाही मला माहीत नाही. चार वर्षं माझ्यासाठी प्रार्थना होत होती, आणि ती वाया गेली असं मला आता वाटत नाही, कारण मी अजून चालते, खाते, भांडते आणि आज इथं उभी आहे. आणि पहिली ओळ कोरी आहे ती मला लिहायची आहे.

पाळकांच्या बायकोनं खडू दिला. चिमटीत धरवेना, म्हणून मी तो मुठीत धरला, पहिलीतली मुलं पहिल्या दिवशी धरतात तसा, आणि त्या पोटुशी सुनेचं नाव लिहिलं. वेळ लागला. एक काना तुटला, एक वेलांटी भलतीकडे गेली. लिहून झाल्यावर पाळकांची बायको म्हणाली, "छान आलंय हं, बाई." मी तीस वर्षं मुलांना ज्या सुरात हे म्हणायची अगदी तोच सूर. आमचे हे दुसऱ्या रांगेतून मान तिरकी करून बघत होते. "ओळ उजवीकडे उतरली आहे," ते म्हणाले. मी म्हटलं, उतरू दे.

माझं नाव परत लिहू का, असं तिनं विचारलं. मी नको म्हणाले. मावशीची ओळ मात्र मी पुसू दिली नाही. जागा झालीच आहे, आता ती राहू दे, असं सांगितलं. मावशीनं थोडी कुरकुर केली, पण पुसायला उठली नाही.

उपासना संपली. माणसं चपला शोधायला लागली. मी फळ्याजवळ गेले आणि दुसऱ्या ओळीवर हात ठेवला. माझा तळहात सपाट टेकत नाही, त्यामुळे हाताची मागची बाजू टेकवली. डोळे मिटले. देवा, हिला चालव, एवढंच म्हणाले, कारण तिनं माझ्यासाठी तेवढंच मागितलं होतं.

मागून काठीचा आवाज आला.

"बाई," मावशी म्हणाली, "नीट बघून ठेवलाव ना? वरच्या ओळीवर नाय ना?"

"नाही गो," मी म्हटलं. "तुझ्याच."

तिनं माझा दुसरा हात धरून वर नेला आणि पहिल्या ओळीवर, त्या पोरीच्या नावावर, टेकवला.